वल्ह्याआडचा माणूस

शर्यतीच्या नावेत आठ जण एकामागे एक बसतात. आठ वल्ही एका क्षणी पाण्यात शिरतात, एका क्षणी वर येतात. काठावरून पाहणाऱ्याला हाच या खेळाचा देखणेपणा वाटतो, आणि संघ निवडणाऱ्याची अडचणही नेमकी इथेच सुरू होते. धावपटूची वेळ त्याच्या एकट्याच्या नावावर लागते, पोहणाऱ्याचीही लागते. आठ जणांच्या नावेची वेळ मात्र कोणाच्याच नावावर लागत नाही. कोणी जीव तोडून ओढले आणि कोणी फक्त लय सांभाळली, हे पाणी सांगत नाही. वल्ह्यामागे उठलेला भोवरा नाव पुढे सरकेपर्यंत विरूनही जातो. म्हणून या खेळात एक प्रश्न फार जुना आहे: वल्ह्याआडचा माणूस ओळखायचा कसा? नौकानयनपटूंच्या क्षमता-चाचण्यांचा इतिहास बहुधा यंत्रांच्या सुधारणेचा इतिहास म्हणून सांगितला जातो. लोखंडी चाक गेले, पंख्याचे चाक आले, वहीतल्या नोंदी गेल्या, पडदा आला, अशा क्रमाने. माझ्या मते त्यात याहून महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. नावेत कोणी बसायचे हे ठरवण्याचा अधिकार कोणाच्या हाती होता आणि तो हळूहळू कसा सरकला, ते या मोजमापाच्या कहाणीतून कळते. आणि ज्या मोजमापाचा आकडा मोजल्या जाणाऱ्या माणसालाही दिसतो, तेच मोजमाप त्याच्या बाजूने उभे राहते, असे या कहाणीतून मला दिसते.

जमिनीवर वल्हवण्याची कल्पना प्राचीन आहे. पहिल्या प्यूनिक युद्धात, इ.स.पू. २६०च्या सुमारास, रोमन लोकांनी घाईने आरमार उभारले. जहाजे बांधून होईपर्यंत त्यांनी वल्हेकऱ्यांना किनाऱ्यावर बाकांवर ओळीने बसवले आणि ताल शिकवला, असे पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. त्या बाकांवर कोणाचे बळ मोजले जात नव्हते. हात एकदम पुढे जावेत आणि एकदम मागे यावेत, एवढाच हेतू होता. पुढे कित्येक शतके वल्हवणे हे कष्टकऱ्यांचेच काम राहिले. लंडनमध्ये थेम्स नदीवर माणसे इकडून तिकडे पोहोचवणारे हजारो नावाडी होते. उमेदवारी पुरी केलेल्या तरुण नावाड्यांसाठी १७१५मध्ये सुरू झालेली ‘डॉगेट्स कोट अँड बॅज’ ही शर्यत आजही होते. नावाड्याची परीक्षा रोज पाण्यावरच होत असे. प्रवासी वेळेवर पैलतीराला लागला की त्याची क्षमता सिद्ध झाली.

एकोणिसाव्या शतकात हा खेळ विद्यापीठांनी आणि सधन क्लबांनी उचलला. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांची पहिली शर्यत १८२९मध्ये हेन्ली येथे झाली. हेन्लीचा रिगाटा, म्हणजे नावांच्या शर्यतींचा मेळा, १८३९मध्ये सुरू झाला. मग ज्यांच्याकडून हा खेळ शिकला, त्यांच्यासाठीच दार बंद झाले. १८७९मध्ये हेन्लीने हौशी खेळाडूची जी व्याख्या केली, तिच्यानुसार मजुरीवर काम करणारा कारागीर किंवा मजूर हौशी ठरूच शकत नव्हता. १९२०मध्ये फिलाडेल्फियाचे जॉन केली यांची प्रवेशिका हेन्लीने नाकारली. त्यांच्या क्लबवर आधीपासून बंदी होती आणि त्यांनी स्वतः गवंडीकाम केले होते, अशी दोन्ही कारणे त्यामागे होती. त्याच वर्षी हेन्लीची एकेरी शर्यत जिंकणाऱ्या जॅक बेरेसफर्ड यांना केली यांनी अँटवर्प ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत हरवून सुवर्णपदक मिळवले. १९३६मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ऑलिम्पिक संघाला, म्हणजे सिडनीच्या पोलिसांच्या आठ जणांच्या नावेला, याच नियमावर बोट ठेवून हेन्लीत उतरू दिले नाही. त्यावर एवढे वादळ उठले की पुढच्याच वर्षी नियमातला तो भाग वगळावा लागला. मोजमापाच्या इतिहासात या घटनांना मी मुद्दाम जागा देतो. क्षमता मोजण्याचे साधन नसते, तेव्हा क्षमतेच्या जागी दुसरे काहीतरी मोजले जाते: कुळ, शाळा, व्यवसाय, ओळखी.

पहिले खरे मोजमाप भीतीपोटी झाले. १८६७मध्ये फ्रेडरिक स्के या लंडनच्या शल्यचिकित्सकांनी ‘द टाइम्स’ला पत्र लिहून विद्यापीठांची शर्यत तरुणांच्या हृदयाला घातक असल्याचा इशारा दिला. वल्हेकरी लवकर मरतात, हा समज तेव्हा घरोघरी होता. जॉन एडवर्ड मॉर्गन या मँचेस्टरच्या डॉक्टरांनी, जे स्वतः ऑक्सफर्डला असताना वल्हवत असत, या समजाला हिशेबाने उत्तर द्यायचे ठरवले. १८२९ ते १८६९ या काळात शर्यतीत उतरलेल्या २९४ जणांचा त्यांनी माग काढला, हयात असलेल्यांना पत्रे पाठवली, गेलेल्यांच्या नातलगांकडे आणि मित्रांकडे चौकशी केली, आणि १८७३मध्ये ‘युनिव्हर्सिटी ओअर्स’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. शर्यतीने आपली प्रकृती बिघडली असे म्हणणारे १७ निघाले. त्या काळच्या आयुर्मानाच्या कोष्टकांशी ताडून पाहता वल्हेकऱ्यांचे आयुष्य सुमारे दोन वर्षांनी जास्तच भरले. या हिशेबातला दोष आज कोणालाही दिसेल. खात्यापित्या घरचे आणि मुळातच धडधाकट तरुण सर्वसाधारण जनतेच्या शेजारी ठेवले, तर ते जास्त जगणारच. तरीही मॉर्गन यांचे काम मोठे आहे. खेळाडूच्या शरीराविषयी मोठ्याने बोलणाऱ्यांची मते बाजूला ठेवून त्यांनी प्रत्यक्ष माणसे शोधली, मोजली आणि हिशेब सर्वांसमोर मांडला. त्यात चूक काढता येते, कारण तो उघडा आहे.

त्याच सुमारास ऑक्सफर्डमध्ये व्यायामशाळा चालवणारे आर्चिबाल्ड मॅकलारेन यांनी १८६६च्या पुस्तकात वल्हेकऱ्यांच्या परंपरागत तयारीची चिकित्सा केली. अर्धवट भाजलेले मांस खायचे, पाणी जेमतेम प्यायचे आणि घाम गाळायचा, अशी ती पद्धत होती. छाती आणि दंड यांची मापे घेऊन शरीरात काय बदलते ते पाहावे, हा त्यांचा आग्रह होता. फितीने घेतलेली ही मापे आज अगदीच ढोबळ वाटतात. पण वल्हेकऱ्याची तयारी ही पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीवर न सोडता तपासून पाहण्याची बाब आहे, हा विचार इथून रुजला. १८९६मध्ये एडवर्ड अ‍ॅटकिन्सन यांनी वल्ह्यावर पडणाऱ्या जोराचा आलेख काढणारे उपकरण वर्णन करून ठेवले. चालत्या नावेतल्या माणसाचे बळ कागदावर उतरवण्याचा तो आरंभीचा प्रयत्न होता. ते साधन रोजच्या वापरात यायला जवळपास शंभर वर्षे जावी लागली.

विसाव्या शतकाच्या आरंभी शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी वल्हेकऱ्याकडे वेगळ्या कारणाने लक्ष वळवले. वल्हवताना पाय, पाठ आणि हात यांचे बहुतेक सगळे मोठे स्नायू एकदम कामाला लागतात. माणूस जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतो आणि किती शक्ती देऊ शकतो, हे पाहायला याहून चांगला नमुना मिळणे कठीण. १९२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये येल विद्यापीठाच्या आठ जणांच्या नावेने सुवर्णपदक जिंकले. त्याच संघावर केलेल्या निरीक्षणांतून यँडेल हेंडरसन आणि हॉवर्ड हॅगार्ड यांनी १९२५मध्ये मानवी शक्तीच्या कमाल मर्यादेवर निबंध प्रसिद्ध केला. उत्तम वल्हेकरी शर्यतीच्या वेळात साधारण अर्धी अश्वशक्ती टिकवून धरतो, असा त्यांचा अंदाज होता. आजच्या मोजणीतही तो फारसा दूरचा वाटत नाही. मात्र त्या शास्त्रज्ञांना आधीच निवडलेले उत्तम वल्हेकरी हवे होते, नवे वल्हेकरी शोधायचे नव्हते. प्रयोगशाळेतला आकडा माणसाविषयी बोलत होता, पण त्याच्या निवडीत त्याला अजून मत नव्हते.

ते मत त्याला मिळाले सिडनीत, ज्या शहराच्या पोलिसांना हेन्लीने परत पाठवले होते तिथेच. सिडनी विद्यापीठातले शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक फ्रँक कॉटन यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत एक साधे घर्षणयंत्र बनवले. त्यावर तरुणांना दमेपर्यंत ओढायला लावायचे आणि कोणात वल्हेकरी दडला आहे ते हुडकायचे, अशी त्यांची रीत होती. पूर्वी कधी नावेत न बसलेल्यांनाही ते यंत्रावर बसवत. लाइकहार्ट क्लबमधल्या त्यांच्या शिष्यांना लोक ‘गिनीपिग’ म्हणू लागले. त्यांच्यातच जॉन हॅरिसन हे वाळूवरच्या धावण्याच्या शर्यतींचे विजेते होते. ते वल्हे धरायला शिकले आणि १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौघांच्या नावेतून उतरले. पुढे अभियांत्रिकीचे प्राध्यापक झालेल्या हॅरिसन यांना कॉटन यांच्या यंत्रातली उणीव नेमकी कळली. ते यंत्र दमवत होते, पण खात्रीने मोजत नव्हते. हवा दमट झाली की घर्षण बदलायचे आणि आजचा आकडा उद्याच्या आकड्याशी जुळायचा नाही. त्यांनी जड लोखंडी चाक घेतले, ब्रेकचा पट्टा अरुंद आणि ओल न शोषणारा ठेवला, आणि शक्ती अचूक सांगणारे यंत्र बनवले. या बदलाचे मोल केवळ तांत्रिक नाही. आज मंगळवारी मी जेवढे ओढले, तेवढेच पुढच्या मंगळवारी ओढले तर आकडा तोच येईल, ही खात्री नसेल तर खेळाडूला निकालावर बोलण्याचा हक्कच उरत नाही.

काठावरही याच काळात बदल घडत होते. १९२० ते १९५६ या काळातल्या प्रत्येक ऑलिम्पिकमध्ये आठ जणांची शर्यत अमेरिकेने जिंकली होती. १९६०मध्ये रोमला ती साखळी जर्मन नावेने तोडली, आणि त्यामागे राट्झेबुर्गचे कार्ल आडम हे शाळाशिक्षक होते, जे स्वतः शर्यतीतले वल्हेकरी नव्हते. थोडे अंतर ठरलेल्या वेगाने, मग विश्रांती, मग पुन्हा तेवढेच अंतर, असे घड्याळाच्या काट्यावर बांधलेले सराव त्यांनी रुजवले. परंपरेबाहेरच्या माणसाला या खेळात शिरायला घड्याळाने वाट दिली, असे म्हणायला हरकत नाही.

यंत्राचा प्रसार मात्र पुढच्या दोन दशकांत झाला. १९७०च्या दशकात नॉर्वेचे येसिंग यंत्र आंतरराष्ट्रीय चाचण्यांचे प्रमाण मानले जाई. चाकावर पट्टा, पट्ट्याला टांगलेली वजने, आणि त्यावरून काढलेले काम, अशी त्याची रचना होती. ते जड आणि महाग होते, म्हणून मोठ्या केंद्रांपुरतेच राहिले. अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यात वल्ही बनवणारे डिक आणि पीट ड्राइसिगाकर हे भाऊ बर्फाळ हिवाळ्यात सराव कसा करावा या विवंचनेत होते. सायकलच्या चाकाला पाती लावून हवेचा विरोध वापरणारे यंत्र त्यांनी तयार केले, आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘कन्सेप्ट टू’ या नावाने ते विकायला आणले. १९८६च्या दुसऱ्या नमुन्यात आकडे दाखवणारा इलेक्ट्रॉनिक पडदा आला. बॉस्टनच्या चार्ल्स नदीकाठच्या काही निवृत्त वल्हेकऱ्यांनी हिवाळ्यात या यंत्रांवर शर्यत लावली, आणि तिचीच पुढे घरातल्या नौकानयनाची जागतिक स्पर्धा झाली.

या यंत्राची खुबी त्याच्या हिशेबात आहे. दोन ओढींच्या मध्ये चाक मंदावते. ते किती झपाट्याने मंदावले यावरून पडदा त्या क्षणाचा हवेचा विरोध ताडतो आणि मग ओढीतली शक्ती काढतो. त्यामुळे पुण्याच्या उकाड्यात ओढलेली ओढ आणि बॉस्टनच्या थंडीत ओढलेली ओढ एकाच तराजूत तोलता येते. वेग आणि शक्ती यांचे नातेही हे यंत्र पाण्यासारखेच ठेवते. विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि लागणारी शक्ती घनाने. २००० मीटर सात मिनिटांत कापायला सरासरी ३०२ वॅट लागतात. सहा मिनिटांत कापायचे तर ४८० वॅट. वेग सहाव्या हिश्श्याने वाढतो, शक्ती दीडपटीहून अधिक द्यावी लागते. ऑस्ट्रेलियाचे जोशुआ डंकली-स्मिथ यांनी २०१८मध्ये ५ मिनिटे ३५.८ सेकंद अशी वेळ दिली, तेव्हा त्या वेळेचा अर्थ जगातल्या कुठल्याही क्लबमधल्या पोराला स्वतःच्या पाठीने कळत होता. यापूर्वी कुठल्याही मोजमापाला इतके सार्वजनिक रूप मिळाले नव्हते.

स्नायूंच्या आत काय चालते, हे समजण्यासाठी दुसरी वाट लागली. ओहायो विद्यापीठाचे फ्रेडरिक हॅगरमन यांनी १९७८मध्ये ३१० वल्हेकऱ्यांच्या सहा मिनिटांच्या चाचण्यांचे निष्कर्ष मांडले. शर्यतीतली सुमारे ७० टक्के ऊर्जा प्राणवायूच्या जोरावर येते आणि उरलेली त्याच्याशिवाय, असे त्यांत दिसले. जर्मनीत अलोइस माडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६मध्ये रक्तातल्या लॅक्टेटच्या एका पातळीला, लिटरमागे ४ मिलिमोलला, सहनशक्तीचा उंबरठा म्हणून पुढे आणले. कानाच्या पाळीतून रक्ताचा थेंब घ्यायचा, दर टप्प्याला शक्ती वाढवायची, लॅक्टेट कुठे उसळते ते पाहायचे. या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि सरावाचा चेहरा बदलला. रोज धाप लागेपर्यंत ओढणे म्हणजेच निष्ठा, ही समजूत ढासळली. आजचे अव्वल वल्हेकरी आपला बहुतांश सराव बोलता येईल अशा संथ गतीने करतात, कारण शर्यतीची मोठी भिस्त ज्या यंत्रणेवर आहे ती अशीच वाढते. मोजमापाने इथे खेळाडूला कमी झिजण्याची मुभा दिली, आणि प्रशिक्षकाला ते मान्य करावे लागले.

आता आक्षेपांकडे वळतो, आणि त्यातला सर्वांत गंभीर आधी घेतो. मोजमापाने माणसाला न्याय मिळतो म्हणता, मग पूर्व जर्मनीचे काय? त्या देशाने १९७६च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये नौकानयनाच्या १४ पैकी ९ आणि १९८०च्या मॉस्को ऑलिम्पिकमध्ये ११ सुवर्णपदके घेतली. उंची आणि हातापायांची लांबी पाहून पोरे शाळेतून निवडली जात, त्यांची प्रत्येक चाचणी नोंदली जाई. आणि १९७४पासून ‘राज्य योजना १४.२५’ या गुप्त नावाखाली खेळाडूंना संप्रेरके दिली जात होती. अनेकांना ती जीवनसत्त्वे म्हणून सांगितली गेली. मानफ्रेड एवाल्ड आणि मानफ्रेड ह्योप्नर या दोन सूत्रधारांना २०००मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने दोषी ठरवले. हे उदाहरण मला टाळायचे नाही, कारण माझा मुद्दा त्यानेच नेमका होतो. तिथे मोजमापाची कमतरता नव्हती; उलट इतके बारीक मोजमाप क्वचितच कुठे झाले असेल. पण आकडे वहीत बंद होते आणि वही दुसऱ्याच्या कपाटात होती. शरीर खेळाडूचे, त्याची माहिती राज्याची. मॉर्गन यांचा सदोष हिशेब उघडा होता म्हणून त्याला उत्तर देता आले. पूर्व जर्मनीचा बिनचूक हिशेब झाकलेला होता म्हणून त्याच्या बळींना ते राज्य कोसळेपर्यंत उत्तर मागता आले नाही.

दुसरा आक्षेप प्रशिक्षक आणि वल्हेकरी नेहमी घेतात: यंत्र तरंगत नाही. यंत्रावर तोल सांभाळावा लागत नाही, वल्हे पाण्यात कोणत्या क्षणी टेकवावे हे कळावे लागत नाही, आणि वजन नडत नाही. नावेत प्रत्येक किलो नावेला खोल दाबतो. हा आक्षेप शंभर टक्के खरा आहे, आणि त्याला उत्तर मोजणाऱ्यांनीच शोधले. यंत्रावरच्या वेळेला वजनाची दुरुस्ती लावणारे एक सूत्र रूढ आहे. त्यानुसार ९५ किलोच्या माणसाची सहा मिनिटे आणि ७५ किलोच्या माणसाची ६ मिनिटे २० सेकंद जवळजवळ सारखीच ठरतात. पाण्यावरच्या कौशल्यासाठी जागांची अदलाबदल करून घेतलेली चाचणी आली. हार्वर्डचे प्रशिक्षक हॅरी पार्कर यांच्या नावाशी ती जोडली जाते. दोन चौघांच्या नावा शेजारी शेजारी पळवायच्या. समजा, पहिली दोन सेकंदांनी जिंकली. मग दोन्ही नावांतल्या एकेकाची अदलाबदल करायची. आता दुसरी एक सेकंदाने जिंकली, तर तीन सेकंदांचा फरक पडला, आणि तो त्या दोघांमुळेच पडला. यंत्रावर मागे पडणारा एखादा माणूस इथे पुढे निघतो. यंत्र खोटे बोलले असे त्यातून ठरत नाही. यंत्राने विचारलेला प्रश्न वेगळा होता, नावेने विचारलेला वेगळा. निवड करणाऱ्याने दोन्ही उत्तरे मांडून ठेवली आणि कोणाला किती वजन देणार ते आधी सांगितले, तर खेळाडूला आपल्या पराभवाचे कारण कळते.

यालाच लागून आणखी एक तक्रार येते, की आकड्यांच्या नादात जाणत्या नजरेची किंमत उरत नाही. मला ही नजर कमी लेखायची नाही. नाव कुठे ‘अडखळते’ हे काठावरून ओळखणारा प्रशिक्षक वर्षानुवर्षांच्या निरीक्षणातून घडतो. पण अ‍ॅटकिन्सन यांनी १८९६मध्ये पाहिलेले स्वप्न आता प्रत्यक्षात आले आहे. वल्हे ज्या कड्यात अडकते त्या कड्यातच संवेदक बसतो, आणि प्रत्येक ओढीचा जोर, कोन आणि वेळ नोंदवतो. व्हॅलेरी क्लेश्नेव्ह यांच्यासारख्या अभ्यासकांनी अशा नोंदींवरून वेगवेगळ्या शैलींची तुलना केली आहे. या आलेखांमुळे जाणती नजर निरुपयोगी ठरली नाही. पूर्वी प्रशिक्षक म्हणत, ‘तू उशिरा ओढतोस’, आणि खेळाडूने ते ऐकून घ्यायचे. आता दोघे मिळून एकाच रेषेकडे पाहतात. नजर बरोबर असेल तर रेषा तिला दुजोरा देते, आणि चुकीची असेल तर खेळाडूला तसे म्हणता येते. अनुभवी प्रशिक्षकाला यात भय वाटण्यासारखे काही नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त विचारात पाडतो. कुळाचा वारसा गेला आणि हाडांचा वारसा आला, यात न्याय तो कसला? यंत्र उंच, लांब हातांच्या, वजनदार शरीराला झुकते माप देते, आणि तसे शरीर कोणी कमावत नाही. या आक्षेपात तथ्य आहे. हलक्या वजनाच्या गटाचे ऑलिम्पिकमधले स्थान १९९६मध्ये निर्माण झाले, ते याच जाणिवेतून. पुरुषांसाठी वजनाची कमाल मर्यादा ७२.५ किलो आणि स्त्रियांसाठी ५९ किलो होती. टोकियोमध्ये अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग यांनी याच गटातल्या दुहेरी शर्यतीत अकरावा क्रमांक मिळवला, ती ऑलिम्पिक नौकानयनात तोवरची भारताची सर्वोत्तम कामगिरी होती. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकनंतर हा गट ऑलिम्पिकमधून गेला, आणि लहान चणीच्या वल्हेकऱ्यांचे खरोखर नुकसान झाले. मात्र हे नुकसान यंत्राने केले नाही. किती शर्यती ठेवायच्या हे ठरवणाऱ्यांनी केले. आकडा फक्त इतके सांगतो, की वेगवेगळ्या शरीरांना वेगवेगळे दार हवे. दार ठेवायचे की नाही, हा निर्णय माणसांचाच राहतो.

आणि ही दारे उघडली, तेव्हा काय झाले ते पाहण्यासारखे आहे. ऑस्ट्रेलियात १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात शाळकरी मुलींच्या चाचण्यांतून मेगन स्टिल सापडल्या. १९९६मध्ये अटलांटाला त्यांनी केट स्लॅटर यांच्यासह दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. ब्रिटनमध्ये २००७मध्ये उंच तरुण-तरुणींना जाहीर हाक दिली गेली. तिथून आलेल्या हेलन ग्लोव्हर यांनी २०१२मध्ये हेदर स्टॅनिंग यांच्यासह ब्रिटिश स्त्रियांना नौकानयनातले पहिले ऑलिम्पिक सुवर्ण मिळवून दिले. आपल्याकडची कहाणी पुण्यातून जाते. दापोडीच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये लष्कराचे नौकानयन केंद्र आहे. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातले तळेगाव रोही हे दत्तू भोकनळ यांचे गाव. तो भाग पाण्याच्या दुर्भिक्षाचा. २०१२मध्ये ते लष्करात दाखल झाले आणि वल्हे त्यांनी तिथेच प्रथम हाती धरले. चार वर्षांनी रिओ ऑलिम्पिकच्या एकेरी शर्यतीत ते तेरावे आले, आणि २०१८च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेतून सुवर्णपदकाचे मानकरी ठरले. हेन्लीचे १८७९चे नियम लावले असते, तर विहिरी खणणाऱ्या घरातल्या मुलाने त्या नदीकाठी उभेही राहू नये, असा निकाल लागला असता. उंची, दम आणि वेळ यांचे माप लावले, तेव्हा त्याला जागा मिळाली.

म्हणून मोजावे की मोजू नये, हा प्रश्न मला मागे पडलेला वाटतो. मोजमापाच्या अटी कोणत्या, हा आजचा प्रश्न आहे. आता झोपेची, हृदयाच्या ठोक्यांची, सकाळच्या थकव्याचीही नोंद होते, आणि ती सहज खेळाडूच्या माघारी कोणाच्या तरी संगणकात जाऊन बसू शकते. हॅरिसन यांच्या यंत्रापासून पूर्व जर्मनीच्या कपाटापर्यंतचा अनुभव तीन अटी शिकवतो. निवडीचा निकष आधी जाहीर व्हावा. तो सर्वांना सारखा लागावा. आणि खेळाडूची प्रत्येक नोंद खेळाडूच्या हाती असावी, म्हणजे त्याला ती पुन्हा तपासता येईल आणि तिच्यावर भांडताही येईल. नावेत बसलेला वल्हेकरी अंतिम रेषेकडे पाठ करून बसतो. आपण कुठे पोहोचलो हे त्याला दिसत नाही. त्याला मागे पडलेले पाणी तेवढे दिसते. यंत्राच्या पडद्याने ही उणीव भरून काढली. जोर लावणाऱ्यालाच आकडा समोर दिसतो, ओढीगणिक, लपवाछपवी न करता. कुठल्याही महासंघाची निवड समिती आपले मोजमाप उभे करेल, तेव्हा तिने पडद्याची ही दिशा बदलू नये.